एकसारख्या तक्रारी आणि एक वेगळी

गणेशोत्सवाच्या दिवशी सभागृहाच्या दाराशी स्वागताच्या टेबलावर ज्यांनी काम केले आहे, त्यांना हा लेख जड जाणार नाही. आरती संपून कार्यक्रम सुरू होतो आणि एकेक जण टेबलाशी येऊ लागतो. "मागे काही ऐकू येत नाही." "माईक बंद आहे का?" "आवाज फार घुमतोय हो!" माणसे तीन, वाक्ये तीन, पण दुखणे एकच. टेबलावरच्या काकू तीन चिठ्ठ्या लिहीत नाहीत. आवाजाची व्यवस्था पाहणाऱ्या मुलाला एकदाच हाक मारतात. इतक्यात चौथा येतो : "डावीकडच्या स्पीकरमधून जळका वास येतोय." काकूंनी त्यालाही "हो हो, माईकचं सांगितलंय" म्हणून परत पाठवले, तर काय होईल?

मी केंब्रिजमध्ये सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, आणि सध्याचे माझे काम म्हणजे संगणकाला या काकूंची कला शिकवणे.

मोठ्या संस्थेत संगणकाचे काही बिघडले की कर्मचारी हेल्पडेस्कला कळवतो. तिथे त्याच्या तक्रारीला क्रमांक मिळतो. त्याला आम्ही तिकीट म्हणतो. एखादा सर्व्हर बंद पडला की तासाभरात शेकडो तिकिटे जमतात. प्रत्येक तिकीट वेगळा माणूस उघडत बसला, तर सगळे एकाच रोगाची वेगवेगळी औषधे शोधत राहतात. ब्रिटिश सरकारच्या संगणक संस्थेने १९८०च्या दशकाच्या अखेरीस 'आयटिल' नावाची कार्यपद्धती तयार करायला घेतली. तिच्यात एकेक तक्रार आणि तिच्यामागचे मूळ कारण यांत स्पष्ट फरक केलेला आहे. तक्रारी अनेक, कारण एक. तक्रारींचे गट आपोआप पाडायचे ते या कारणापर्यंत लवकर पोचण्यासाठी.

यंत्राला त्यासाठी चार गोष्टी ठरवून द्याव्या लागतात. तिकिटाचा कोणता भाग ताडून पाहायचा : नुसते शीर्षक की खालचा मजकूरही? किती वेळातल्या तक्रारी एकत्र धरायच्या : चार तास की चार आठवडे? साम्य किती असले म्हणजे 'एकसारख्या' म्हणायचे? यंत्र साम्याला शून्य ते एक असा गुण देते. उंबरठा आपण ठेवायचा. आणि शेवटची, सहसा दुर्लक्षित राहणारी गोष्ट : गट बंद केला की आतल्या तिकिटांचे काय करायचे?

उंबरठा फार वर ठेवला, तर एकाच बिघाडाचे वीस गट होतात. फार खाली ठेवला, तर भलत्याच तक्रारी एका पोत्यात जातात. पहिली चूक डोळ्यांना दिसते, त्रास देते. दुसरी दिसत नाही. उलट यादी आटोपशीर दिसल्याने सगळे खूश असतात. मीही होते.

काही वर्षांपूर्वी एका संशोधन संस्थेसाठी मी ही व्यवस्था लावून दिली. तुलना फक्त शीर्षकाची, उंबरठा सैल, आणि गट मिटला की सगळी तिकिटे आपोआप बंद. एका सोमवारी मेल सर्व्हर अडखळला आणि साठेक तिकिटे आली. त्यांत एका पीएचडीच्या विद्यार्थिनीचे होते. शीर्षक : 'ईमेल येत नाही'. खाली दोन ओळी : उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरचे धोक्याचे मेल शनिवारपासून थांबले आहेत. दुपारी सर्व्हर सुरळीत झाला, गट बंद झाला, आणि साठ जणांना 'आपली अडचण दूर झाली आहे' असे पत्र गेले. फ्रीजर ज्या खात्यावरून मेल पाठवत असे, त्याच्या पासवर्डची मुदत संपली होती. सर्व्हरशी त्याचा संबंध नव्हता. दोन रात्रींनी फ्रीजर खरोखरच बंद पडला. इशारा कोणालाच गेला नाही. तिचे दीड वर्षाचे नमुने वितळून गेले.

ती भांडली नाही. एवढेच म्हणाली, "मी लिहिलं होतं. कोणी वाचलं का?"

मला जास्त लाज वाटली ती वेगळ्याच कारणाने. या चुकीवरचा उतारा याच गावात फार पूर्वी सापडलेला आहे. रॉजर नीडहॅम यांनी आपोआप गट पाडण्याच्या विषयावर १९६१ साली केंब्रिजमध्ये प्रबंध लिहिला. त्यांच्या पत्नी कॅरन स्पार्क जोन्स यांचा समानार्थी शब्दांवरचा प्रबंध १९६४ चा. त्याच कॅरनबाईंनी १९७२ साली एका निबंधात साधी पण दूरगामी गोष्ट मांडली : जो शब्द जितक्या कमी मजकुरांत आढळतो, तितके त्याला वजन जास्त द्यावे. समजा, दहा हजार तिकिटांपैकी दोन हजारांत 'ईमेल' आहे आणि चारांत 'फ्रीजर'. एकूण संख्येला या आकड्यांनी भागले, तर ५ आणि २,५०० येतात. त्यांचे लॉगॅरिथम घेतले की वजने मिळतात सुमारे ०.७ आणि ३.४. म्हणजे एकटा 'फ्रीजर' जवळजवळ पाच 'ईमेल'ना भारी! इंटरनेटवरच्या शोधयंत्रांनाही ही कल्पना पुढे उपयोगी पडली.

त्यानंतर मी तीन बदल केले. तुलना पूर्ण मजकुराची, दुर्मिळ शब्दांना वजन देऊन. मात्र आधी सह्या, फोन नंबर आणि टंकनाच्या चुका गाळायच्या, नाहीतर त्याही दुर्मिळ ठरून वजन खातात. दुसरे, आधीच्या काही महिन्यांच्या तिकिटांचे गट माणसांकडून पाडून घ्यायचे आणि त्यांच्याशी जुळवून उंबरठा ठरवायचा, अंदाजाने नाही. तिसरे, गट मिटला तरी तिकीट आपोआप मिटत नाही. प्रत्येकाला विचारले जाते, "तुमचे काम सुरू झाले का?" 'नाही' असे उत्तर आले, तर ते तिकीट गटातून बाहेर काढून माणसापुढे ठेवले जाते.

आता वाक्याच्या अर्थालाच आकड्यांत उतरवणाऱ्या पद्धती आल्या आहेत. 'लॉगिन होत नाही' आणि 'पासवर्ड चालेना' यांत एकही शब्द समान नसला तरी ही भावंडे आहेत, हे त्यांना कळते. उपयोग मीही करते. पण अख्ख्या मजकुराचा एकच अर्थ काढताना नेमका तो एक वेगळा शब्द पुसट होऊ शकतो, म्हणून जुनी वजने मी काढून टाकलेली नाहीत.

नीडहॅम दांपत्याने स्वतःच्या हातांनी बांधलेले घर केंब्रिजजवळच्या कोटन गावात होते. रॉजर २००३ मध्ये गेले, कॅरनबाई २००७ मध्ये. रविवारी त्या बाजूला फिरायला गेले की मला ती विद्यार्थिनी आठवते. तिने सगळे प्रयोग पुन्हा पहिल्यापासून केले.

असो. यंदा स्वागताच्या टेबलावर बसण्याची पाळी तुमची असेल आणि माईकची तक्रार घेऊन चौथा माणूस आला, तर त्याला वाक्य पूर्ण करू द्या.