चिन्ह कोणाचे, खर्च कोणाचा?

इंदूर शहराचा जो भाग आजही 'जुनी इंदूर' म्हणून ओळखला जातो, ती होळकरांचा राजवाडा उभा राहण्यापूर्वीची वस्ती. इंद्रेश्वराच्या देवळावरून शहराला नाव पडले, असे तेथील लोक सांगतात. पुढे अहल्याबाईंनी राजधानी महेश्वरी ठेवली. पण इंदूरच्या, म्हणजे मल्हारनगरच्या टांकसाळीतून त्यांच्या काळी जो रुपया निघाला, त्यावर बादशहाच्या नावाबरोबर शिवलिंग व बेलाचे पान उमटले. त्याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागला नाही. आमच्या गोव्यातील कदंबांच्या नाण्यांवर सिंह होता आणि सप्तकोटीश्वराचे नाव होते. तेही प्रजेला परके वाटण्याचे कारण नव्हते.

हे आठवण्याचे कारण असे की, बोधचिन्ह ही अलीकडे लाखोंच्या उलाढालीची बाब झाली आहे, आणि एवढा खर्च करून हसे कसे होते याचा धडा लंडनने घालून दिला आहे. 2012 च्या ऑलिम्पिकचे चिन्ह 4 जून 2007 रोजी तेथे प्रकट झाले. त्याला चार लक्ष पौंड पडले होते. त्या वाकड्यातिकड्या तुकड्यांत '2012' हा आकडा शोधावा लागे. चिन्ह मागे घ्यावे म्हणून दोनतीन दिवसांत अठ्ठेचाळीस हजारांवर लोकांनी सह्या केल्या. जाहिरातपटातील एका दृश्यामुळे अपस्माराच्या रुग्णांना त्रास झाल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा ते दृश्य काढावे लागले. 2011 साली इराणला त्याच आकृतीत 'झायन' हा शब्द दिसला व त्याने बहिष्काराची भाषा केली. संयोजक मात्र हटले नाहीत. चिन्ह तेच राहिले, आणि खेळ उत्तम पार पडले.

मग हसणारे चुकले काय? लोकांचे हसू हा कलेचा अखेरचा निवाडा नव्हे, हे आम्ही मान्य करतो. ब्रांकुशीचा 'पक्षी' 1926 साली अमेरिकेत पोहोचला, तेव्हा जकातवाल्यांनी तो कलाकृती न मानता धातूची वस्तू ठरवून त्यावर कर बसविला. 1928 साली न्यायालयाने ती कलाकृतीच असल्याचा निकाल दिला. पुढे इंदूरच्याच यशवंतराव होळकरांनी त्या मालिकेतील तीन पक्षी विकत घेतले व त्यांच्यासाठी इंदुरात मंदिर उभारण्याचा संकल्प केला. ते मंदिर झाले नाही. पण ज्याची काल थट्टा झाली, ते उद्या पूजनीय ठरू शकते, एवढे त्यावरून दिसते.

परंतु शिल्प आणि सार्वजनिक चिन्ह यांत एक भेद आहे. शिल्प न आवडले तर पाहणाऱ्याला पाठ फिरविता येते. शहराचे, संस्थेचे वा देशाचे चिन्ह नागरिकाच्या कागदावर, तिकिटावर, दारावर येऊन बसते, आणि त्याचे पैसेही बहुधा त्याच्याच करातून जातात. ज्याला आधी विचारले नाही, त्याच्या हाती मागाहून हसण्यावाचून दुसरे काय उरते? त्या हसण्यात केवळ कुचेष्टा नसते. डावलले गेल्याचा सल असतो.

आपल्या रुपयाचे चिन्ह या बाबतीत विचार करण्याजोगे आहे. त्यासाठी खुली स्पर्धा झाली, तीन हजारांहून अधिक आकृत्या आल्या आणि 15 जुलै 2010 रोजी मंत्रिमंडळाने उदय कुमार यांच्या आकृतीला मान्यता दिली. पारितोषिक अडीच लक्ष रुपयांचे होते. निवडीच्या पद्धतीवर आक्षेप घेतले गेले, हेही खरे. पण देवनागरी 'र' आणि रोमन 'आर' यांचा तो मेळ लोकांनी पाहताक्षणी ओळखला व आपला मानला.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे : सार्वजनिक पैशाने चिन्ह करावयाचे असेल तर स्पर्धा खुली असावी, खर्च आधी जाहीर व्हावा आणि अंतिम निर्णयापूर्वी आकृती लोकांसमोर ठेवावी. बेलाच्या पानाला खुलाशाची गरज पडली नाही. ज्या चिन्हासोबत अर्थाचे पुस्तक वाटावे लागते, त्याला लोक हसले तर दोष लोकांना देऊ नये.