तळाचा आधार

‘अंग बाहेर येणे’ हा शब्दप्रयोग मराठी बायकांना ठाऊक असतो, फक्त तो मोठ्याने उच्चारला जात नाही. खोकताना किंवा हंडा उचलताना लघवीचे थेंब गळणे, हे त्याचेच भावंड. गडचिरोलीतल्या दोन गावांत डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी ६५० स्त्रियांची पाहणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला, पूर्वी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के.

पुढच्या जघनास्थीपासून मागच्या माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय तिच्यावर विसावतात. बाळंतपणे, जुनाट खोकला, बद्धकोष्ठता, ओझी आणि वाढते वय यांनी ती सैलावते. पण स्नायू म्हटला की तो कमावताही येतो.

अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगेल यांनी १९४८ साली हेच मांडले. योनीत ठेवायचा रबरी फुगा त्यांनी दाबमापकाला जोडला. आपला स्नायू आवळला जातो आहे की नाही, हे बाईला काट्यावर दिसू लागले. हे दिसणे महत्त्वाचे, कारण पुष्कळ जणी नकळत पोट किंवा नितंबच आवळतात.

वायू रोखताना आवळतो तो हा स्नायू. श्वास न कोंडता तो आवळायचा, काही सेकंद धरायचा आणि पूर्ण सैल सोडायचा. ब्रिटनची ‘नाइस’ ही संस्था एका वेळी किमान आठदा, दिवसातून तीनदा आणि निदान तीन महिने असा व्यायाम देखरेखीखाली करायला सांगते. कॉक्रेनच्या २०१८च्या आढाव्यात, खोकताना-शिंकताना लघवी गळणाऱ्या स्त्रियांपैकी व्यायाम करणाऱ्या ५६ टक्के जणींनी आपण बऱ्या झाल्याचे सांगितले. न करणाऱ्यांत हे प्रमाण ६ टक्के होते.

अंग फार खाली आले असेल, तर व्यायामाने ते वर जात नाही. तेव्हा पेसरी, म्हणजे आतून आधार देणारी कडी, उपयोगी पडते. हिपोक्रेटिसच्या नावावरील ग्रीक ग्रंथांत यासाठी अर्धे डाळिंब सांगितले आहे; आज सिलिकोनची कडी मिळते. ती मापाने बसवून घ्यावी लागते आणि वेळोवेळी काढून धुवावी लागते.

‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला आपल्याकडे सहज दिला जातो. पण पिशवी काढल्याने झोळी घट्ट होत नाही. म्हणून होकार देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे : व्यायाम शिकवणारी फिजिओथेरपिस्ट जवळपास कुठे आहे? पेसरी चालेल का?