आरशातला सांताक्लॉज

गेल्या वर्षी पहिल्या वर्षाच्या वर्गाला मी व्यक्तिवर्णनाचा पाठ देत होतो. "कधीही न पाहिलेल्या माणसाचे वर्णन करा," असे मी सांगितले, तेव्हा कोणी शिवाजीमहाराज लिहील, कोणी फार तर शेरलॉक होम्स, अशी माझी अटकळ होती. तिघांनी सांताक्लॉज लिहिला. आणि तिघांचा सांताक्लॉज तंतोतंत एक! सुटलेले पोट, लाल डगला, त्याला पांढरी झालर, काळा रुंद पट्टा, सफरचंदासारखे गाल, डोळ्यांत मिश्कील हसू. तिघांपैकी एकाच्याही घरी नाताळ साजरा होत नाही. मी वह्यांच्या समासात माझा नेहमीचा शेरा मारला, 'जाहिरातीतून उचललेले'. आम्हा भाषेच्या मास्तरांची ही सभ्य शिवी! पण ही शिवी अक्षरशः खरी आहे, हे पुढे चारदोन पुस्तके चाळली तेव्हा कळले आणि माझाच मी ओशाळलो.

त्या जाहिरातवाल्याचे नाव हॅडन संडब्लॉम. जन्म १८९९ सालचा, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या मस्कीगन गावचा. घरची भाषा स्वीडिश. बाप बाल्टिक समुद्रातल्या ऑलंड बेटांवरून आलेला. आई वारली तेव्हा पोर तेरा वर्षांचे होते. शाळा तिथेच सुटली. पुढे शिकागोला येऊन त्याने पोटासाठी कामे करत करत चित्रकलेचे शिक्षण पुरे केले आणि १९२५ च्या सुमारास हॉवर्ड स्टीव्हन्स आणि एडविन हेन्री या दोघांच्या भागीदारीत स्वतःचा स्टुडिओ थाटला. साबण, मोटारी, खाण्याचे डबे, जे गिऱ्हाईक येईल त्याचे चित्र काढायचे, असा तो धंदा.

त्या गिऱ्हाइकांत एक कोका-कोला कंपनी होती आणि तिची अडचण मोठी मजेची होती. लोक तिचे पेय उन्हाळ्यात पीत आणि हिवाळ्यात विसरत. तहानेला ऋतू नसतो, असा घोष तिने १९२२ पासून चालवला होता. पण बर्फ पडत असताना गार बाटली उघडायला माणसाला काही निमित्त तर हवे! तिच्या जाहिरातींचे काम पाहणाऱ्या डार्सी संस्थेतल्या आर्ची ली यांना वाटले, खुद्द सांताक्लॉजच्याच हाती बाटली द्यावी. मात्र तो सोंग घेतलेला माणूस दिसू नये, खराखुरा सांताक्लॉज दिसावा. १९३१ साली ते काम संडब्लॉमकडे आले. बाहेर महामंदीने माणसे बेकार होऊन रांगा लावून उभी होती, हेही लक्षात ठेवायला हवे.

संडब्लॉमने क्लेमेंट मूर यांच्या नावावर असलेली १८२३ सालची एक जुनी कविता पुढ्यात घेतली. तिच्यातला सेंट निकोलस गुटगुटीत आणि हसरा आहे. पण कवितेतले हसू कागदावर उतरवायला हाडामांसाचा माणूस लागतो. तो लू प्रेंटिस नावाच्या एका निवृत्त विक्रेत्याच्या रूपाने मिळाला. त्याच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या हसण्याने पडलेल्या होत्या, आणि त्याच तर चित्रकाराला हव्या होत्या. पुढे प्रेंटिस वारला. मग संडब्लॉमने आरसा समोर ठेवला आणि स्वतःलाच सांताक्लॉज केले. मुलांसाठी त्याने शेजारच्या दोन बहिणींना बसवले आणि चित्रात त्यांतल्या एकीचा मुलगा करून टाकला. १९६४ च्या चित्रातला कुत्रा एका शेजाऱ्याचा. खरा राखाडी, चित्रात काळा.

लोक ही चित्रे किती बारकाईने पाहत! एका वर्षी पट्टा उलटा निघाला, तशी कंपनीकडे पत्रे आली. एकदा बोटात लग्नाची अंगठी दिसेना, तेव्हा "सांताक्लॉजबाईंचे काय झाले?" अशी चौकशी झाली. आपल्याकडे राजा रविवर्म्याच्या छापील चित्रांनी लक्ष्मी-सरस्वतीचे चेहरे घरोघर ठरवून टाकले, तसलाच हा प्रकार. सांताक्लॉजचा डगला कोका-कोलानेच लाल केला, ही मात्र थाप. तो आधीपासून लाल दिसत असे, आणि थॉमस नास्टने गेल्याच्या गेल्या शतकात त्याला व्यंगचित्रांतून लोकप्रिय केले होते. संडब्लॉमने त्याला घरातले माणूस केले. थंडगार पेय विकायला शेकोटीची ऊब वापरली.

ही ऊब रंगकामातली होती. सार्जंट आणि झॉर्न या थोर चित्रकारांचा त्याच्यावर प्रभाव. ओल्या रंगावर ओला रंग, कुंचल्याचे रुंद, मऊ फटकारे. त्याच्या हाताखाली तयार झालेल्या मंडळींना थट्टेने 'मेयोनेझ घराणे' म्हणत. आपण लोण्याचे म्हटले असते. गिल एल्व्हग्रेन आणि कोबी व्हिटमोर हे पुढे नावाजलेले चित्रकार त्याच घराण्यातले.

सगळेच काही गोड नव्हते. क्वेकर ओट्सच्या डब्यावरच्या म्हाताऱ्याचे १९५७ सालचे रंगीत मुखचित्र त्याचे, हे ठीक. पण 'आंट जेमिमा' या पिठाच्या जाहिरातींतली हसतमुख काळी स्वयंपाकीणही त्याने रंगवली होती. ते हसू गुलामगिरीच्या आठवणीवर साखर पेरणारे होते. ते नाव अखेर २०२१ साली बाजारातून गेले. तीच ऊब, तोच कुंचला! ऊब कोणाच्या चुलीसाठी वापरली जाते आहे, हे संडब्लॉमने विचारले असते तर मला तो अधिक आवडला असता.

मग छायाचित्रांचे दिवस आले. जाहिरातवाल्यांना कॅमेरा झटपट वाटू लागला आणि ज्या 'सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट'च्या पानांवर त्याचा सांताक्लॉज वर्षानुवर्षे झळकला, ते साप्ताहिकही १९६९ साली बंद पडले. कोका-कोलासाठी त्याने शेवटचे चित्र १९६४ साली काढले. त्याचे अखेरचे काम म्हणजे 'प्लेबॉय'च्या डिसेंबर १९७२ च्या अंकाचे मुखपृष्ठ. सांताक्लॉजची टोपी घातलेली तरुणी! (हा अंक आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मागू नये.) १९७६ साली तो वारला. मूळ तैलचित्रे कंपनीने जपून ठेवली आणि ती पुढे पॅरिसच्या लूव्ह्रमध्येही मांडली गेली.

त्या तिन्ही वह्या मी परत मागवल्या. शेरा खोडला नाही. त्याच्या पुढे एक ओळ वाढवली, 'मूळ चित्रकार: हॅडन संडब्लॉम'. मुलांनी ती शिक्षा समजून पाठ केली. आमच्या कोपऱ्यावरच्या केकवाल्याकडे दर डिसेंबरात पुठ्ठ्याचा सांताक्लॉज उभा राहतो, नाकावरचा रंग उडालेला. गेल्या नाताळात त्याच्यासमोर मी जरा जास्तच वेळ उभा राहिलो. दुकानदाराला वाटले, मला केक हवा आहे. म्हणून मग घेतला.