घोडीवरचं हाड

हातानं घडवलेल्या नायलॉनच्या तारांच्या गिटारीबद्दल विचारलं, की बोलणं लाकडावर येतं. वरची पाटी स्प्रूसची की सीडरची, मागची बाजू रोजवूडची का, हे सगळे विचारतात. घोडीत बसवलेल्या हाडाच्या पट्टीकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही. जेमतेम ८ सेंटिमीटर लांब आणि अडीच-तीन मिलिमीटर जाड अशी ही पट्टी म्हणजे सॅडल. तार या हाडावर जिथे टेकते, तिथे तिची वाजणारी लांबी संपते. ती जागा चुकली तर उत्तम लाकूडही गिटारीला बेसूर होण्यापासून वाचवू शकत नाही.

आजच्या शास्त्रीय गिटारीची घडण पक्की केली स्पेनमधल्या आल्मेरियाच्या आंतोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) यांनी. तारेची ६५० मिलिमीटर ही लांबी त्यांच्या वाद्यांमुळेच रूढ झाली. या लांबीवर पहिला फ्रेट, म्हणजे पडदा, नटपासून (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपासून) सुमारे ३६.५ मिलिमीटरवर येतो आणि बारावा बरोबर मध्यावर, ३२५ वर. कागदावरचा हिशेब चोख आहे, पण तो न दाबलेल्या तारेचा. बाराव्या फ्रेटवर तार तीन-चार मिलिमीटर उंच असते. ती खाली दाबली की थोडी ताणली जाते आणि सूर चढतो. म्हणून कारागीर सॅडल हिशेबापेक्षा दीड-दोन मिलिमीटर मागे बसवतो. एका अर्धस्वराचे १०० सेंट धरले, तर सॅडल १ मिलिमीटर मागे नेल्यावर बाराव्या फ्रेटवरचा सूर सुमारे अडीच सेंटनी उतरतो.

जुन्या कारागिरांचं हे काम त्यांच्या ढोबळ गणितानं काही अंशी आपोआप होत असे, हे मला या विषयातलं सर्वांत सुंदर वळण वाटतं. गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो गॅलिली यांनी १५८१ च्या ग्रंथात ल्यूट या तंतुवाद्यासाठी एक नियम सांगितला होता: उरलेल्या लांबीचा अठरावा भाग घ्या आणि तिथे पुढचा फ्रेट बांधा. नेमका भाजक १७.८१७ आहे. अठराच्या हिशेबानं ६५० मिलिमीटरच्या तारेवर बारावा फ्रेट ३२२.६ वरच येतो आणि सप्तक सुमारे साडेबारा सेंटनी अपुरं पडतं. दाबल्यामुळे चढणारा सूर त्या उणिवेत बराचसा जिरून जायचा. फ्रेटचं गणित अचूक झालं तसा हा आडोसा गेला आणि सगळा भार सॅडलवर आला.

त्यात नायलॉन आलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आतड्याच्या तारा मिळेनाशा झाल्या, तेव्हा न्यूयॉर्कच्या अल्बर्ट ऑगस्टीन यांनी गिटारवादक आन्द्रेस सेगोव्हियांच्या साथीनं नायलॉनच्या तारा घडवल्या. टिकाऊपणाचा प्रश्न सुटला, पण तिसरी तार, म्हणजे जी, अडचणीची ठरली. वरच्या तिन्ही तारा एकाच साध्या नायलॉनच्या असतात. ताण साधारण तेवढाच ठेवून सूर खाली आणायचा तर तार जाडच करावी लागते. पहिली ई तार ०.७ मिलिमीटरची, तर जी १ मिलिमीटरची. जितकं नायलॉन जाड, तितका तेवढ्याच ताणण्यानं सूर जास्त चढतो, शिवाय ताठपणाही वाढतो. खालच्या तीन तारांत ताण पेलतो तो आतला तंतूंचा गाभा. वरची धातूची गुंडाळी फक्त वजन वाढवते. त्यामुळे जीच्या शेजारची डी तितकी हट्टी नसते.

म्हणून सरळ धारेचं सॅडल मला अपुरं काम वाटतं. चांगला कारागीर प्रत्येक तारेची जागा वेगळी काढतो. जी तारेखाली तो पट्टीचा माथा पुढच्या बाजूनं घासून उतरता करतो, म्हणजे तार मागच्या कडेवर टेकते. शेजारच्या बी तारेला तो पुढची जागा देतो. धार मात्र नेटकी ठेवावी लागते. माथा पसरट राहिला तर तार झणझणते. मिरजेचे कारागीर सतारीची जवारी काढताना हाडाला रुंद, हलका उतार देऊन हीच झणझण मुद्दाम आणतात. गिटारीला ती नको असते.

तपासायची रीत सोपी आहे. बाराव्या फ्रेटवर बोट नुसतं टेकवून हार्मोनिक वाजवायचा, मग तोच फ्रेट दाबून वाजवायचा. दाबलेला सूर चढा आला तर जागा मागे न्यायची, उतरला तर पुढे. मात्र आधी दुसरी नवी तार लावून बघायला हवी, कारण तारच एकसारख्या जाडीची नसेल तर दोष तिचा असतो. घासलेलं हाड परत भरून येत नाही.

पहिल्या दोन-तीन फ्रेटवरचा चढा सूर एकट्या सॅडलनं सुटत नाही. कॅलिफोर्नियाचे गिटार कारागीर ग्रेग बायर्स यांनी १९९६ मध्ये ‘अमेरिकन ल्यूथरी’ या नियतकालिकात याची सविस्तर मांडणी केली आणि नटची जागाही तारेगणिक किंचित पुढे आणायला सांगितलं. हा उपाय मला पटतो, पण आधी नटच्या खाचा पुरेशा खोल आहेत का ते बघावं. उथळ खाचांमुळेही तिथे सूर चढतो.

एक गोष्ट मात्र कोणत्याही हाडाच्या आवाक्यात नाही. तानपुऱ्यातून उमटणाऱ्या स्वयंभू गांधाराची सवय असलेल्या कानाला गिटारीचा गांधार चढा लागतो आणि कानाचं बरोबर असतं: समान बारा भागांच्या सप्तकात तो सुमारे १४ सेंटनी चढाच असतो. सतारीचे पडदे सरकवता येतात. गिटारीचे फ्रेट ठोकलेले असतात. त्याचा दोष सॅडल करणाऱ्याला देऊ नये.

हातानं घडवलेली गिटार घेताना सहाही तारा बाराव्या फ्रेटवर तपासा आणि सॅडल कोणत्या तारांसाठी घासलं आहे ते कारागिराला विचारा. पुढे नायलॉन सोडून कार्बन म्हणून विकल्या जाणाऱ्या तारा लावल्यात, तर त्यांची जी जड पदार्थाची, म्हणून बारीक असते. मग तिला आधीची जागा चालत नाही. तेव्हा दुसरं सॅडल करून घ्या आणि जुनं जपून ठेवा.