वॅट थोडे, उजेड पुष्कळ

दुकानात गेलो की आपण विचारतो, "दिवा किती वॅटचा?" पूर्वी एवढे विचारले की भागत असे. वॅट जास्त, तर उजेड जास्त. आता घरोघर एलईडी दिवे आले. आता नुसत्या वॅटवर दिवा पारखता येत नाही. मग कसा पारखायचा, ते आपण पाहू.

वॅट म्हणजे काय? दिवा वीज किती खातो, त्याचे ते माप. उजेडाचे माप वेगळे आहे. त्याला ल्युमेन म्हणतात. बैल वैरण किती खातो हे एक, आणि तो नांगरतो किती हे दुसरे. वॅट ही वैरण, ल्युमेन हे काम. शहाणा शेतकरी दोन्ही पाहतो.

जुन्या काचेच्या बल्बात बारीक तार असते. ती तापून लाल-पांढरी झाली की उजेड पडतो. पण दहातले नऊ भाग वीज नुसती उष्णतेत जाते. पेटत्या बल्बाला हात लावला तर चटका बसतो, तो याचमुळे. एलईडीत अशी तार नाही. त्यात लहान लहान चकत्या असतात. त्यांतून वीज गेली की निळा उजेड निघतो. वर पिवळा लेप असतो. दोन्ही मिळून उजेड पांढरा दिसतो. असा निळा उजेड काढणे फार अवघड होते. ते साधले म्हणून आकासाकी, अमानो व नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढच्याच वर्षी, जानेवारी २०१५ मध्ये, आपल्या सरकारने स्वस्त एलईडी दिव्यांची 'उजाला' योजना सुरू केली.

आता हिशेब करू. १००० वॅट एक तास वापरले म्हणजे १ युनिट झाले. जुना ६० वॅटचा बल्ब रोज ५ तास लावला, तर ३० दिवसांत ९ युनिट होतात. तेवढाच उजेड ९ वॅटचा एलईडी देतो. त्याचे महिन्याला होतात सव्वा ते दीड युनिट. एक युनिट ७ रुपये धरा. जुन्या बल्बाचे ६३ रुपये, एलईडीचे साधारण साडेनऊ. एका दिव्यामागे महिना ५० रुपयांवर वाचले! दोन महिन्यांत दिव्याची किंमत निघते. तुमचा खरा दर वीजबिलावर छापलेला असतो. तो घेऊन हाच हिशेब घरी करून पाहा.

पण सगळे एलईडी सारखे नव्हेत, बरं का! दोन दिवे घ्या. दोन्ही ९ वॅटचे. एकाच्या खोक्यावर ७२० ल्युमेन लिहिले आहे, दुसऱ्याच्या ९००. भागाकार करा. पहिला एका वॅटला ८० ल्युमेन देतो, दुसरा १००. वैरण तेवढीच, काम जास्त. दुसराच घ्यावा. आठवडे बाजारात घ्या, नाही तर नाशिकला मेन रोडवर घ्या, खोके वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. ज्यावर ल्युमेन लिहिलेलेच नाहीत, बीआयएसची खूण नाही, तो दिवा स्वस्त असला तरी महागच पडतो.

कोठे किती वॅट लावावे? रात्री उठण्यापुरता अर्धा वॅट बस्स झाला. ओटीवर, न्हाणीघरात ३ ते ५ वॅट चालतो. चुलीपाशी ७ ते ९ हवा. मुलांच्या अभ्यासात मात्र काटकसर करू नये. तेथे ९ वॅटचा लावावा, आणि तोही जवळ. दिवा निम्म्या अंतरावर आणला, तर पुस्तकावर उजेड जवळजवळ चौपट पडतो. आढ्याला टांगलेल्या मोठ्या दिव्यापेक्षा जवळचा लहान दिवा बरा. अंगणात पिवळसर उजेडाचा दिवा घ्यावा. त्याकडे किडे कमी येतात.

एलईडी लवकर का जातो? त्याच्या बुडाशी एक लहान यंत्रणा असते. घरची वीज चकत्यांना सोसेल अशी ती करून देते. पुष्कळदा चकत्या चांगल्या राहतात आणि ही यंत्रणाच जळते. तिला उष्णता सोसत नाही. म्हणून चहूबाजूंनी बंद हंडीत दिवा कोंडू नये. वारा लागू द्यावा. खोक्यावर हमीची मुदत लिहिलेली असते. पावती घ्यावी, जपून ठेवावी, आणि दिव्याच्या बुडावर खरेदीची तारीख लिहावी. मुदतीत दिवा गेला तर बदलून मागणे हा आपला हक्क आहे. पावती नसेल, तर दुकानदार कशावर विश्वास ठेवील?

ध्यानात ठेवा:
१. आधी ल्युमेन पाहा, मग वॅट.
२. खूण, हमी आणि पावती पाहून घ्या.
३. मेन स्विच बंद केल्यावरच दिवा बदला. हात कोरडे असू द्या.
४. खोलीत कोणी नसेल तर दिवा मालवा. कमी वॅटचा दिवा झाला, तरी तो फुकट जळू नये.