शिरेवर शीर चढत नाही

मध्यरात्री पोटरीत गोळा येतो, माणूस कळवळून उठून बसतो आणि घरातलं कुणीतरी अर्धवट झोपेत सांगतं, ‘काही नाही, शिरेवर शीर चढली असेल.’ डोंबिवलीत इतकी वर्षं जीवशास्त्र शिकवताना हे वाक्य मी विद्यार्थ्यांकडून ऐकलं, त्यांच्या पालकांकडून ऐकलं, शिक्षकांच्या खोलीतही ऐकलं. शीर शेजारच्या शिरेवर चढू शकत नाही. ती आजूबाजूच्या मांसाला धरून आपल्या जागी बसलेली असते. आकसतो तो स्नायू, आणि आकसला की काही वेळ सैल व्हायला तयार नसतो. गुडघा सरळ ठेवून चवडा स्वतःकडे ओढला की तो ताणला जातो आणि वांब सुटतो.

या गैरसमजाचं मूळ आपल्या बोलण्यातच आहे. मान अवघडली तर ‘नस दबली’, सलाईन लावताना ‘नस सापडत नाही’ आणि हृदयाचा झटका आला तर ‘नस बंद झाली’. पहिली नस म्हणजे मज्जातंतू, त्यातून रक्त वाहतच नाही. दुसरी शीर. तिसरी धमनी. तीन वेगळ्या वस्तूंना एकच नाव पडल्यामुळे तिन्हींवर एकच उपाय चालू होतो: चोळा, मालिश करा, ‘नस मोकळी करा’. हा उपाय कधी कधी जिवावर बेतू शकतो. त्याकडे पुढे येतेच.

आधी शाळेतल्या तक्त्याबद्दल. त्यात धमन्या लाल आणि शिरा निळ्या रंगवलेल्या असतात, शिरेचं जुनं पुस्तकी नावही ‘नीला’. मनगटावरही त्या निळसरच दिसतात. त्यामुळे आत निळं रक्त असतं, हे मुलांच्या डोक्यात पक्कं बसतं. ज्याने एकदा रक्तदान केलंय त्याला मात्र माहीत असतं की कोपराच्या शिरेतून पिशवीत उतरणारं रक्त गडद लाल असतं. निळेपणा रक्ताचा नाही. त्वचेत शिरणाऱ्या आणि त्यातून परतणाऱ्या प्रकाशाचा तो परिणाम आहे.

त्याच पिशवीने दुसराही गैरसमज दूर करता येतो. ‘धमनीत शुद्ध रक्त, शिरेत अशुद्ध’ हे वाक्य परीक्षेत लिहून आपण सगळे पास झालो. पण पिशवीतलं रक्त शिरेतलंच असतं आणि ते दुसऱ्या रुग्णाला जीवदान देतं. ते अशुद्ध कसं असेल? विश्रांतीच्या वेळी हृदयाकडे परतणाऱ्या रक्तातही ऑक्सिजन वाहण्याच्या क्षमतेचा सुमारे ७५ टक्के भाग भरलेला असतो, धमनीत तो ९५ टक्क्यांच्या वर असतो. फरक आहे तो एवढाच. शिवाय हृदयाकडून फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीत कमी ऑक्सिजनचं रक्त असतं आणि फुप्फुसाकडून परतणाऱ्या शिरांत भरपूर ऑक्सिजनचं. म्हणजे नाव ठरतं ते दिशेवरून: हृदयापासून दूर नेते ती धमनी, हृदयाकडे आणते ती शीर. दोघींना जोडणाऱ्या केशवाहिन्या इतक्या बारीक, की सात-आठ सहस्रांश मिलिमीटरच्या तांबड्या पेशीला काही ठिकाणी वाकून, एकेकटीने पुढे सरकावं लागतं. विल्यम हार्वेने १६२८ मध्ये रक्ताभिसरणाची मांडणी केली तेव्हा त्याला त्या दिसल्या नव्हत्या. १६६१ मध्ये माल्पिगीने बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकातून त्या पाहिल्या.

‘सगळ्या रक्तवाहिन्या जोडल्या तर एक लाख किलोमीटर, पृथ्वीला अडीच वेढे’ हे वाक्य मीही वर्गात वर्षानुवर्षं सांगितलं. तो आकडा ऑगस्ट क्रोघ या डॅनिश शास्त्रज्ञाने १९२२ मध्ये, ५० किलो स्नायू असलेला धिप्पाड माणूस धरून मांडलेल्या हिशोबातून आला आहे. अलीकडचे अंदाज ९,००० ते १९,००० किलोमीटरचे आहेत. आता मी हेच आकडे सांगते.

सगळ्यात चिवट समजूत आहे नळाची. बारवी धरणातून येणाऱ्या पाण्यावर आणि इमारतीतल्या गंजक्या पाइपांवर आपलं अर्धं आयुष्य जातं, म्हणून ‘ब्लॉकेज’ हा शब्द ऐकला की पाइपात धरलेला क्षार डोळ्यांसमोर येतो. मग तो विरघळवायला लिंबू, आलं, लसूण आणि व्हिनेगरचा काढा किंवा दुधीचा रस. व्हॉट्सॲपवर असे संदेश दर आठवड्याला फिरतात.

पण धमनी नळासारखी नाही. तिची भिंत जिवंत असते, तीन थरांची. बाहेर आधार देणारा थर, मधे स्नायू आणि लवचीक तंतू, आतून पेशींचं एकपदरी अस्तर. हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करतं आणि मधल्या स्नायूला सैल व्हायला सांगतं. या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं. छातीत कळ आल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी हाच निरोप बाहेरून देते. भिंतीच्या या आकसण्या-सैलावण्यावर जीव कसा अवलंबून असतो, हे कोकणाइतकं कुणी पाहिलं नसेल. विंचू चावला की विषामुळे शरीरभरच्या धमन्या आवळतात, हृदयावर भार येतो, फुप्फुसात पाणी भरतं. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तवाहिन्या सैल करणारं औषध वापरायला सुरुवात केली आणि गंभीर रुग्णांतलं सुमारे ४० टक्क्यांचं मृत्यूचं प्रमाण एक टक्क्यापर्यंत खाली आलं.

आता ब्लॉकेजकडे. चरबीचा थर पोकळीत चिकटत नाही. तो आतल्या अस्तराखाली, भिंतीच्या आत साठतो. सुरुवातीला धमनी बाहेरच्या बाजूला फुगून जागा करून देते, त्यामुळे बराच काळ पोकळी पुरेशी राहते आणि माणसाला काहीच जाणवत नाही. मग एखाद्या दिवशी त्या थरावरचं पातळ आवरण फाटतं, तिथे गुठळी जमते आणि वाट काही मिनिटांत बंद होते. ‘मागच्याच महिन्यात धावत लोकल पकडत होता हो’ असं आपण म्हणतो, ते यामुळे. ही प्रक्रिया म्हातारपणाची वाटही पाहत नाही. कोरियन युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांची हृदयं तपासून १९५३ मध्ये अहवाल आला. सरासरी वय २२, आणि चौघांपैकी तिघांच्या धमन्यांत या आजाराच्या खुणा.

अस्तराखाली, भिंतीत बसलेला थर काढ्याने धुऊन निघत नाही. तंबाखू सोडणं, रक्तदाब आणि साखर ताब्यात ठेवणं, डॉक्टरांनी दिलेली कोलेस्टेरॉलची गोळी न चुकवणं, यांनी तो वाढायचा थांबतो, आवरण घट्ट होतं, काहींमध्ये थर थोडा कमीही होतो. आणि दुधीचा रस कडू लागला तर घोटही घेऊ नका. कडू दुधीतल्या विषाने आपल्या देशात माणसं दगावली आहेत, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या समितीने त्याबद्दल सावध केलं आहे.

पायांबद्दल मात्र मला जास्त बोलायचंय, कारण आपली ठाणे-कल्याण-डोंबिवलीची माणसं पायांवर जगतात. सकाळी तास-सव्वा तास लोकलच्या दारापाशी उभं, संध्याकाळी पुन्हा तेच, मधे दुकानाचं काउंटर किंवा शाळेचा फळा. पावलातलं रक्त हृदयापर्यंत चढायचं तर त्याला ढकलणारं कोण? हृदयाचा जोर केशवाहिन्या ओलांडेपर्यंत बराच संपलेला असतो. काम करते पोटरी. चालताना तिचे स्नायू खोल शिरांना पिळतात, रक्त वर जातं, आणि शिरांतल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. स्थिर उभं राहिलं की घोट्यापाशी शिरेतला दाब पाऱ्याच्या ९० मिलिमीटरच्या आसपास जातो, चालू लागलं की तो ३० च्या खाली येतो. म्हणून शिरांना त्रास चालण्याचा नाही, न हलता उभं राहण्याचा होतो. गर्दीत पाऊल उचलायला जागा नसली तरी टाचा वर-खाली करता येतात. मुलुंड ते घाटकोपर तेवढं करून पाहा.

झडपा निकामी झाल्या की शिरा फुगून वेड्यावाकड्या दिसतात. ‘व्हेरिकोज’ म्हणजे हृदयाचं ब्लॉकेज, ही भीती खोटी आहे. ‘शीर बंद केली तर रक्त जाणार कुठून?’ ही भीतीही बहुतेकांच्या बाबतीत निराधार. पायातलं सुमारे नव्वद टक्के रक्त खोल शिरांतूनच परततं. त्या मोकळ्या आहेत ना, हे डॉक्टर सोनोग्राफीने आधी पाहतात.

पण पाय दुखतो म्हणजे शीरच, असं धरून चालू नका. दिवसभर उभं राहून पाय जड होतो आणि उशीवर वर ठेवला की बरं वाटतं, तेव्हा संशय शिरेवर. कल्याण स्टेशनचा पूल चढताना ठरावीक पायऱ्यांवर पोटरी पिळवटते, थांबलं की दोन-चार मिनिटांत कळ जाते, पुन्हा तेवढंच चढलं की पुन्हा तेच, तेव्हा संशय धमनीवर, विशेषतः विडी-सिगारेट किंवा मधुमेह असेल तर. अशा पायावर डॉक्टरांना न विचारता घट्ट मोजे चढवणं धोक्याचं आहे.

आणि मघाशी अर्धवट सोडलेली गोष्ट. एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखरी आणि गरम झाली, तर ती चोळू नका. आत खोल शिरेत गुठळी असू शकते, आणि सुटलेली गुठळी थेट फुप्फुसात जाऊन अडकते. ऑपरेशननंतर किंवा बाळंतपणानंतर घरात मालिशवाली येते तेव्हा हे लक्षात ठेवायला हवं. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

माझ्या वर्गातली मुलं एक प्रयोग घरी करतात. पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठ्याच्या आणि शेजारच्या बोटाच्या रेषेत, मधोमध दोन बोटं हलकेच टेकवायची. थोडं शोधावं लागतं, मग धमनीचा ठोका लागतो. काही निरोगी माणसांतही तो तिथे सापडत नाही, तेव्हा आतल्या घोट्याच्या मागे पाहायचं. आजी-आजोबांपैकी कुणाचा दोन्हीकडे लागला नाही, किंवा एका पायाचा लागतो आणि दुसऱ्याचा नाही, तर मुलं दुसऱ्या दिवशी येऊन सांगतात, आणि मी त्यांच्या आई-वडिलांना फोन करते.