सूर्यप्रकाश फुकट, तरी हिशेब हवाच!

प्रतिनिधी

विजेच्या बिलाचा आकडा वाढू लागला की मध्यमवर्गीय कुटुंबाची नजर आपोआप घराच्या गच्चीकडे वळते. गच्चीवर सौर पॅनेल बसवा, सरकार ७८ हजार रुपये देते आणि बिल शून्यावर येते, अशी जाहिरात आता गल्लोगल्ली दिसते. अनुदानाचा आकडा खरा आहे. मात्र ‘बिल शून्य’ हे ध्येय ठेवून खर्च करणे प्रत्येक घराच्या फायद्याचे असतेच असे नाही. अनुदान कसे मिळते आणि बचत नेमकी कोठे होते, या दोन्ही बाबी नीट समजल्या तरच गच्चीवरचा व्यवहार किफायतशीर ठरतो.

अनुदान किती आणि कोणाला?

‘पंतप्रधान सूर्यघर : मोफत वीज योजना’ फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी ७५ हजार २१ कोटी रुपयांची तरतूद मंजूर केली. देशातील १ कोटी घरांच्या छपरांवर सौर संच बसविण्याचे उद्दिष्ट ठरविण्यात आले आणि योजनेचा कालावधी आर्थिक वर्ष २०२६-२७ पर्यंतचा ठेवण्यात आला.

या योजनेत पहिल्या दोन किलोवॉटपर्यंत प्रत्येक किलोवॉटला ३० हजार रुपये आणि तिसऱ्या किलोवॉटला १८ हजार रुपये मिळतात. म्हणजे एका किलोवॉटला ३० हजार, दोन किलोवॉटला ६० हजार आणि तीन किलोवॉटला ७८ हजार. त्यानंतर पाच किलोवॉटचा संच बसविला काय किंवा दहाचा, अनुदान ७८ हजारांपुढे जात नाही. पहिले दोन किलोवॉट प्रत्येकी ५० हजार आणि तिसरा ४५ हजार रुपये असा आधारभूत खर्च धरून त्याच्या अनुक्रमे ६० आणि ४० टक्के रक्कम देण्याचे धोरण यामागे आहे. प्रत्यक्ष बाजारातील दर याहून अधिक असू शकतो. वाढीव रक्कम ग्राहकाच्याच खिशातून जाते.

२०१९ च्या योजनेत तीन किलोवॉटपर्यंत आधारभूत खर्चाच्या ४० टक्के आणि त्यापुढे दहा किलोवॉटपर्यंत २० टक्के अनुदान होते. मोठ्या संचांना मिळणारे हे प्रोत्साहन आता उरलेले नाही. मदतीचा भर लहान घरांवर आहे.

महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये ‘स्मार्ट’ ही पूरक योजना मंजूर केली. दरमहा १०० युनिटपेक्षा कमी वीज वापरणाऱ्या घरांना एक किलोवॉटच्या संचासाठी केंद्राच्या ३० हजारांवर राज्याची भर पडते. दारिद्र्यरेषेखालील ग्राहकांना १७ हजार ५००, अनुसूचित जाती-जमातींच्या ग्राहकांना १५ हजार आणि सर्वसाधारण गटाला १० हजार रुपये, असे तिचे स्वरूप आहे.

वीज किती निर्माण होते?

महाराष्ट्राच्या हवामानात एक किलोवॉटचा संच दिवसाला सरासरी चार युनिट, म्हणजे महिन्याला सुमारे १२० युनिट वीज देतो. त्यासाठी सावली नसलेली सुमारे १०० चौरस फूट जागा लागते. पाण्याची टाकी, जिन्याची खोली किंवा शेजारची उंच इमारत यांची सावली पॅनेलवर पडली तर उत्पादन घटते. पावसाळ्यात ते घटणारच.

दिवसा तयार झालेली आणि घरात न वापरलेली वीज वितरण कंपनीच्या जाळ्यात जाते. नेट मीटर या येण्या-जाण्याची नोंद ठेवतो. जास्तीचे युनिट पुढील महिन्याच्या बिलात वळते होतात. परंतु आर्थिक वर्षाच्या अखेरीस, म्हणजे ३१ मार्चला, हे खाते मिटविले जाते. शिल्लक युनिटचे पैसे नियामक आयोगाने ठरविलेल्या दराने मिळतात आणि हा दर घरगुती विजेच्या दरापेक्षा बराच कमी असतो. फेब्रुवारी-मार्चच्या कडक उन्हात साठविलेले युनिट मे महिन्यातील वातानुकूलन यंत्रासाठी राखून ठेवता येत नाहीत, हे अनेकांच्या उशिरा लक्षात येते.

तिसरा किलोवॉट किती उपयोगाचा?

महाराष्ट्रात घरगुती विजेचे दर टप्प्याटप्प्याने चढतात. पहिल्या १०० युनिटचा दर कमी, १०१ ते ३०० युनिटचा जवळजवळ दुप्पट आणि पुढचे टप्पे आणखी महाग. सौर वीज बिलातील युनिट वरून खाली कमी करते. सर्वांत महाग युनिट आधी वाचतात, स्वस्त युनिट शेवटी.

ढोबळ उदाहरण घेऊ. एका कुटुंबाचा वापर महिन्याला ३०० युनिट आहे. सर्व आकार धरून पहिल्या १०० युनिटला प्रत्येकी ६ रुपये आणि पुढील २०० युनिटला १२ रुपये पडतात आणि संचाचा खर्च किलोवॉटला ६० हजार रुपये आहे, असे मानू. पहिला किलोवॉट १२० महाग युनिट वाचवितो. वर्षाला १७ हजार २८० रुपये वाचतात आणि अनुदान वजा जाता गुंतविलेले ३० हजार रुपये पावणेदोन वर्षांत वसूल होतात. दुसरा किलोवॉट ८० महाग आणि ४० स्वस्त युनिट वाचवितो. वर्षाची बचत १४ हजार ४०० रुपये. वसुलीला दोन वर्षांहून थोडा अधिक काळ.

तिसऱ्या किलोवॉटसाठी आता वापरातील केवळ ६० युनिट उरतात आणि तेही स्वस्त दराचे. वर्षाला ४ हजार ३२० रुपये वाचतात. येथे अनुदान १८ हजारच असल्याने ग्राहकाचे ४२ हजार रुपये गुंततात. जास्तीच्या युनिटचे थोडेफार पैसे सोडले, तर ही रक्कम सुटायला जवळपास दहा वर्षे लागतात. मोठ्या संचाचा प्रतिकिलोवॉट खर्च सहसा काहीसा कमी असतो, त्यामुळे आकडे थोडे बदलतील. निष्कर्ष बदलत नाही. पूर्ण ७८ हजारांचे अनुदान पदरात पाडण्यासाठी तीन किलोवॉटचा संच घेणारे हे कुटुंब १८ हजार मिळविण्यासाठी ४२ हजार रुपये अडकवून ठेवते.

घरात वातानुकूलन यंत्र किंवा विजेवरची गाडी येणार असेल आणि वापर ३०० युनिटच्या बराच पुढे जाणार असेल, तर तिसरा किलोवॉटही महाग युनिट वाचवू लागतो. तेव्हा त्याचा खर्च लवकर सुटतो. म्हणून मागील १२ महिन्यांची बिले समोर ठेवून संचाची क्षमता ठरविणे हाच शहाणपणाचा मार्ग होय.

संपूर्ण वापर सौर विजेवर भागला तरी बिलातील स्थिर आकार द्यावाच लागतो. ‘शून्य बिल’ हा शब्द त्यामुळे काटेकोर अर्थाने घेऊ नये.

सोसायटीतील सदनिकाधारकांचे काय?

स्वतंत्र बंगल्याच्या मालकाला जे सोपे आहे ते सोसायटीत अवघड होते. गच्ची सर्वांची; तीन किलोवॉटला ३०० चौरस फूट या हिशेबाने उंच इमारतीतील प्रत्येक सदनिकेच्या वाट्याला पुरेशी जागा येणे शक्य नसते. एखाद्या सभासदाला स्वतःच्या मीटरसाठी संच बसवायचा असेल तर आधी संस्थेची संमती मिळवावी लागते.

गृहनिर्माण संस्थांसाठी योजनेत वेगळी सोय आहे. उद्वाहन, पाण्याचे पंप, जिन्यातील दिवे आणि वाहन चार्जिंग अशा सामायिक वापराच्या संचाला किलोवॉटमागे १८ हजार रुपये मिळतात. प्रत्येक घरामागे तीन किलोवॉट या हिशेबाने ही मर्यादा ५०० किलोवॉटपर्यंत जाते. सर्वसाधारण सभेत ठराव करून सामायिक मीटरवर संच बसविला तर बचतीचा लाभ देखभाल शुल्काच्या रूपाने सर्वांना मिळू शकतो. गच्चीच्या वाटणीवरून होणारे वादही टळतात.

पैसे आधी, अनुदान नंतर

पूर्वी संच बसविणारा पुरवठादार अनुदान वजा करून किंमत लावीत असे. २०२२ मध्ये राष्ट्रीय पोर्टल आले आणि अनुदान थेट ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होऊ लागले. पोर्टलवर ग्राहक क्रमांकासह नोंदणी, वितरण कंपनीची मान्यता, नोंदणीकृत पुरवठादाराची निवड, संचाची उभारणी, नेट मीटर, तपासणी आणि शेवटी अनुदान, असा हा क्रम आहे. त्यामुळे सुरुवातीची पूर्ण रक्कम ग्राहकाला उभी करावी लागते. तीन किलोवॉटपर्यंतच्या संचासाठी रेपो दरापेक्षा अर्धा टक्का अधिक व्याजाने विनातारण कर्जाची सोय योजनेत ठेवलेली आहे. सौर उपकरणांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला असून, दरपत्रकात तो तसा धरला आहे का, हे पाहावे.

अनुदानासाठी पॅनेल आणि त्यातील सौर घट दोन्ही भारतात तयार झालेले असावे लागतात. परदेशी पॅनेलचे दरपत्रक स्वस्त दिसले, तरी त्यावर अनुदान मिळत नाही. पुरवठादारावर पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी आहे. ती करारात लिहून घ्यावी. पॅनेल साधारणपणे २५ वर्षे चालतात, इन्व्हर्टर मात्र त्याआधी बदलावा लागू शकतो. धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा वेळोवेळी धुऊन काढली नाही तर उत्पादन घसरते.

भारनियमनाच्या काळात आपल्या घरी दिवे राहतील, ही समजूतही बाजूला ठेवायला हवी. वीजजाळ्याला जोडलेला साधा संच पुरवठा खंडित होताच स्वतःहून बंद पडतो. दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या कर्मचाऱ्याला धक्का बसू नये, यासाठी ही व्यवस्था असते. अंधारातही वीज हवी असेल तर बॅटरीचा वेगळा खर्च करावा लागतो. अनुदान पॅनेलच्या क्षमतेवर मिळते, बॅटरीवर नाही.

सौर संच घरगुती बिलाचा मोठा भाग कमी करू शकतो, यात शंका नाही. मात्र पुरवठादाराला ‘अनुदान किती मिळेल’ हे विचारण्यापूर्वी ‘माझ्या बिलातील कोणत्या टप्प्याचे किती युनिट वाचतील’ हे विचारायला हवे. या प्रश्नाचे उत्तर कागदावर आकड्यांत मिळाल्यानंतरच करारावर सही करावी.